आईवडिलांच्या मनाचं दुखणं लपवू नका: उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना खुले पत्र

प्रति,
उत्तर अमेरिकेतल्या सर्व महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणी, ज्येष्ठांचे उपक्रम चालवणारे कार्यकर्ते आणि बृहन्महाराष्ट्र मंडळाचे पदाधिकारी यांस,

स. न. वि. वि.

मी न्यू जर्सीतल्या एका हॉस्पिटलात सोशल वर्कर आहे. वयस्क पेशंटला इथून घरी पाठवायचं, थोडे दिवस रिहॅबला ठेवायचं की कायमचं नर्सिंग होममध्ये, हे ठरत असताना डॉक्टर, विमा कंपनी आणि घरची माणसं यांच्यात बोलणी घडवून आणायची आणि लागतील ते कागद पुरे करायचे, हे माझं काम. या कागदांत एक असा आहे, की त्याच्याबद्दल आपल्या माणसांशी आधीच कोणीतरी बोलून ठेवायला हवं होतं, असं मला दर वेळी वाटतं. ते बोलणं हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, डिस्चार्जची घाई चालू असताना नीट होत नाही. मंडळात होऊ शकतं. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे.

त्या कागदाचं नाव ‘प्रीअ‍ॅडमिशन स्क्रीनिंग अँड रेसिडेंट रिव्ह्यू’. आम्ही त्याला नुसतं ‘पासर’ म्हणतो. अमेरिकेत मेडिकेडची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी असलेल्या सरकारी आरोग्य योजनेची, मान्यता असलेल्या कुठल्याही नर्सिंग होममध्ये दाखल होणाऱ्या प्रत्येक माणसासाठी ही तपासणी कायद्याने ठरवलेली आहे. खर्च मेडिकेड करणार, मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) करणार की मुलगा स्वतःच्या खिशातून करणार, याने काही फरक पडत नाही. बहुतेक नर्सिंग होम्सना मेडिकेडची मान्यता असते, त्यामुळे ‘आम्ही स्वतः पैसे भरतोय, आम्हाला कशाला हे प्रश्न?’ असं म्हणून सुटका होत नाही. पहिल्या टप्प्यात एक छोटा फॉर्म असतो. माणसाला गंभीर मानसिक आजार, बौद्धिक अक्षमता किंवा सेरेब्रल पाल्सी, अपस्मार यांसारखी बाविसाव्या वर्षाआधी सुरू झालेली अवस्था आहे का, किंवा तशी शंका घ्यायला जागा आहे का, एवढंच त्यात पाहतात. शंका असेल तर दुसरा टप्पा सुरू होतो. त्यात नर्सिंग होमशी संबंध नसलेला तज्ज्ञ येऊन सविस्तर तपासणी करतो आणि त्याच्या अहवालावरून राज्याचं मानसिक आरोग्य खातं दोन गोष्टी ठरवतं: या माणसाला नर्सिंग होमची खरंच गरज आहे का, आणि त्याला मानसिक आजारासाठी वेगळी, खास सेवा मिळायला हवी का.

हा नियम का आला ते तुम्ही लक्षात घ्यावं, अशी विनंती आहे, कारण आपल्या लोकांची सगळी भीती तिथेच निवळू शकते. १९५०च्या दशकापासून अमेरिकेतली राज्य सरकारांची मोठमोठी मनोरुग्णालयं रिकामी होऊ लागली. या माणसांना त्यांच्या गावातच उपचार मिळतील, असं आश्वासन होतं. ते पुरेसं पाळलं गेलं नाही. १९६५ मध्ये मेडिकेड आलं. मेडिकेडने मनोरुग्णालयातल्या ६५ वर्षांखालच्या प्रौढांचा खर्च उचलायचं नाकारलं, पण नर्सिंग होमचा खर्च मात्र उचलला. मग राज्यांनी काय केलं असेल, ते सांगायला नको. हजारो मनोरुग्ण म्हाताऱ्यांच्या शेजारच्या खाटांवर येऊन पडले, आणि तिथे त्यांना खाट होती, जेवण होतं, गुंगीचं औषध होतं, उपचार नव्हते. नर्सिंग होम्सच्या अवस्थेवर १९८६ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा अहवाल आला. त्यानंतर डिसेंबर १९८७ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी सही केलेल्या कायद्यात नर्सिंग होम सुधारणांबरोबर ही तपासणीही आली, आणि १ जानेवारी १९८९ पासून ती लागू झाली. मनाने आजारी माणसाला गुपचूप एका खोलीत टाकून विसरून जाता येऊ नये, म्हणून हा कायदा केला गेला. तो पेशंटच्या बाजूचा आहे.

आता आपल्या घरांत काय घडतं ते सांगते. मी विचारते, ‘मानसिक आजाराचा काही इतिहास?’ मुलगा आईकडे न बघता ‘नाही’ म्हणतो. सून त्याच्याकडे बघते आणि गप्प बसते. मग मी निघाले की लिफ्टपाशी ती मला गाठते आणि हळू आवाजात मराठीत सांगते, की सासूबाईंना धाकट्या बाळंतपणानंतर पुण्यात शॉक दिले होते, तेव्हापासून गोळी चालू आहे, ती अमेरिकेत आल्यावरही बंद झालेली नाही, फक्त इथे कुणाला सांगायचं नाही असं घरात ठरलंय. असं एकाच घरात घडत नाही. तपशील बदलतात. कधी ‘बाबांना मध्ये जरा त्रास झाला होता’, कधी ‘काका तसे लहरीच’, कधी लिथियमची, म्हणजे बायपोलर आजारावरच्या औषधाची, बाटली स्वयंपाकघरातल्या मसाल्याच्या कपाटात, कुणाच्या नजरेला पडू नये अशी ठेवलेली.

मी या मुलांना दोष देत नाही. ज्या महाराष्ट्रात आपण वाढलो तिथे ‘ह्याला ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्यात जागा आहे का बघा’ हे चेष्टेत म्हटलं जायचं, अजूनही म्हटलं जातं. ज्या घरातल्या माणसाला खरोखर तिथे न्यावं लागलं, त्या घराने ती चेष्टा लग्नकार्यात, चाळीच्या गॅलरीत, शाळेच्या वर्गात गिळली. आत्याचं लग्न त्यामुळे मोडलं असेल, थोरल्या बहिणीचं होता होता राहिलं असेल. अशा घरातला मुलगा पन्नास वर्षांनी न्यू जर्सीत एडिसन गावच्या हॉस्पिटलात उभा राहून ‘नाही’ म्हणतो, तेव्हा तो आईची अब्रू राखत असतो. त्याला दुसरीही एक भीती असते आणि ती तुम्हाला झोंबली तरी मी लिहिते: इथे सांगितलं तर शनिवारच्या पॉटलकमध्ये सगळ्यांना कळेल. मराठी नर्स, मराठी डॉक्टर, मराठी सोशल वर्कर समोर दिसली की काही घरं जास्तच मिटून जातात. हॉस्पिटलमधली माहिती गुप्त ठेवायला मी कायद्याने बांधलेली आहे. मंडळातल्या गप्पांना कुठलाही कायदा बांधत नाही. तिथे तुम्हालाच सवय बदलावी लागेल.

आणखी एक भीती मला कानात सांगितली जाते: ‘असं लिहिलं तर नर्सिंग होम घेणारच नाही.’ यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. मानसिक आजाराचा उल्लेख वाचून काही ठिकाणी बेड अचानक भरलेले असतात, हे मी पाहिलं आहे. दुसऱ्या टप्प्यालाही वेळ लागतो. पेशंटचं नाव या तपासणीसाठी पाठवल्यापासून निर्णयापर्यंत राज्याची सरासरी ७ ते ९ कामकाजाच्या दिवसांच्या आत असावी असा अमेरिकेच्या केंद्र सरकारचा नियम आहे, आणि तेवढे दिवस माणूस हॉस्पिटलात अडकून राहिला तर सगळेच वैतागतात. पण लपवल्यावर काय होतं, ते मी जास्त वेळा पाहिलं आहे. पेशंट नर्सिंग होमला जातो, गोळी कागदावर नसते म्हणून मिळत नाही, थोड्याच दिवसांत झोप उडते, आरडाओरडा सुरू होतो, कुणावर तरी हात उगारला जातो, मध्यरात्री अ‍ॅम्ब्युलन्सने परत इमर्जन्सीत. मग तेच नर्सिंग होम म्हणतं, ‘यांची काळजी घेणं आम्हाला शक्य नाही.’ आता दुसरीकडे जागा शोधायची असते, आणि या वेळी फाईलमध्ये आजाराबरोबर ‘आक्रमक वर्तन’ हेही लिहिलेलं असतं. आधी सांगितलं असतं, तर हे शब्द तिथे आलेच नसते.

गोळ्यांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. दुसऱ्या टप्प्यात तज्ज्ञाला औषधांचा पूर्ण इतिहास घ्यावा लागतो, आणि मानसिक आजार झाकतील किंवा त्याचा आभास निर्माण करतील अशी औषधं अलीकडे घेतली आहेत का, हेही पाहावं लागतं. आपल्या घरांत हा इतिहास फार विचित्र असतो. दर वर्षी कोणी ना कोणी पुण्याहून, मुंबईहून येताना ‘झोपेच्या गोळीच्या’ स्ट्रिप्स घेऊन येतं. ती अल्प्राझोलाम असते, नाहीतर क्लोनाझेपाम. डॉक्टरची चिठ्ठी जुनी झालेली असते किंवा नसतेच, आणि घरच्यांच्या मते ती ‘औषधात मोजायची’ गोळी नसते. हॉस्पिटलात ती अचानक बंद झाली, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी म्हातारी माणसं थरथरतात, बरळतात, भिंतीवर माणसं दिसतात म्हणतात, कुणाला फिट येते. आता यातून कुठला निष्कर्ष काढायचा? नवा मनोविकार, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) की गोळी तुटल्याचा परिणाम? घरच्यांनी एक वाक्य सांगितलं तर प्रश्न तासाभरात सुटतो. लिथियमचंही तेच. ते घेणाऱ्या माणसाला लघवीची काही औषधं किंवा साध्या दुखण्याच्या काही गोळ्या दिल्या तर रक्तात त्याचं प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते. ते लपवणं जिवावर बेतू शकतं.

माझ्या मते सगळ्यांत नाजूक जागा डिमेन्शियाची आहे. केंद्राच्या नियमांनुसार ज्याचं मुख्य निदान डिमेन्शिया, मग तो अल्झायमर असो की दुसऱ्या प्रकारचा, त्याला पासरपुरतं ‘गंभीर मानसिक आजार’ या गटात धरत नाहीत. यामागचा विचार समजण्यासारखा आहे, कारण विसरभोळ्या वृद्धांची काळजी घेणं हेच नर्सिंग होमचं रोजचं काम. पण आपल्या घरांना हीच पळवाट सापडते. ‘वयोमानाने विसरतात’ म्हणायला कुणाला लाज वाटत नाही. ‘नैराश्य आहे’ म्हणायला वाटते. आयुष्यभर बायपोलर आजाराशी (कधी अति उत्साह, कधी खोल नैराश्य) झगडलेल्या बाबांबद्दल मुलगी फक्त ‘मेमरी प्रॉब्लेम’ सांगते, फॉर्मवर डिमेन्शिया येतो, आणि ज्या तपासणीचा त्यांना हक्क होता ती तिथेच थांबते. खरं तर दोन्ही आजार असतील आणि मानसिक आजार मुख्य असेल, तर नियमानुसार दुसरी तपासणी व्हायलाच हवी. त्यातून उतारवयातलं नैराश्य पुष्कळदा डिमेन्शियासारखंच दिसतं. बोलणं मंदावतं, जेवण तुटतं, प्रत्येक प्रश्नाला ‘माहीत नाही’, दिवसभर भिंतीकडे तोंड. पण त्यावर उपचार आहेत आणि माणूस त्यातून बाहेर येऊ शकतो. एकदा डिमेन्शियाचा शिक्का पडला, की पुन्हा वळून कोण बघतं?

उलट्या दिशेनेही सावध राहावं लागतं. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांना अँटीसायकोटिक, म्हणजे भास-भ्रमांवरची, औषधं दिली तर मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २००५ मध्ये नव्या पिढीच्या औषधांवर छापायला लावला, आणि २००८ मध्ये जुन्या औषधांवरही. त्यानंतर या औषधांच्या वापरावरून नर्सिंग होम्सची प्रतवारी होऊ लागली. त्या हिशोबातून स्किझोफ्रेनियाचे रुग्ण वगळलेले असतात, आणि म्हणून काही ठिकाणी पुरेशा आधाराशिवाय स्किझोफ्रेनियाचं निदान लिहिलं जाऊ लागलं. हा प्रकार इतका पुढे गेला, की अशा निदानांची तपासणी करण्याची मोहीम केंद्राच्या मेडिकेअर-मेडिकेड विभागाने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केली. तेव्हा तुमच्या ओळखीतल्या ऐंशी वर्षांच्या आजींच्या कागदांत हा शब्द पहिल्यांदाच दिसला, तर मुलांनी विचारायलाच हवं: हे कुणी ठरवलं, कशावरून, आणि या नव्या निदानानंतर पासरची नवी तपासणी मागितली का? कुटुंबाच्या हातात हे एक चांगलं साधन आहे आणि ते वापरणारं मराठी कुटुंब मला अजून क्वचितच भेटलं आहे.

आता भाषेबद्दल. पासरच्या नियमांत एक कलम आहे, ते मी माझ्या डेस्कवर छापून लावलं आहे: ही तपासणी आणि तिच्या नोटिसा त्या माणसाची संस्कृती, भाषा, वंश आणि संवादाची पद्धत यांना जुळवून घेऊनच व्हायला हव्यात. तपासणी करणाऱ्याने सवड असेल तर पाळायचं असं हे सौजन्य नाही, केंद्राचा नियम आहे. प्रत्यक्षात आजी ‘भारतीय’ आहे म्हणून फोनवर हिंदी दुभाषी दिला जातो. कोल्हापूरकडच्या, सातवी शिकलेल्या बाईला दूरदर्शनपुरती हिंदी कळते. मनातलं दुःख ती हिंदीत सांगू शकत नाही. गोव्याकडच्या घरांत तर ती कोंकणीच बोलत असते.

स्मरणशक्ती तपासताना तीन इंग्रजी शब्द लक्षात ठेवायला सांगतात: सॉक, ब्लू, बेड. वर्ष विचारतात, महिना विचारतात. एका आजींनी महिना विचारल्यावर ‘मार्गशीर्ष’ सांगितलं आणि पुढे ‘आज गुरुवार, माझा उपास आहे’ असंही सांगितलं. दोन्ही बरोबर होतं. दुभाष्याने ‘उत्तर समजलं नाही’ असं कळवलं आणि कागदावर चूक लागली. दुसऱ्या बाजूला, ‘देवानं आता उचलावं’ हे वाक्य. जपाच्या माळेबरोबर रोज ते म्हणणाऱ्या कितीतरी बायका आपण पाहिल्या आहेत, आणि त्या सुखाने नव्वदीपर्यंत जगल्या. शब्दशः भाषांतर झालं की आत्महत्येच्या भीतीने खोलीबाहेर लगेच पहारा बसतो. पण तेच वाक्य कधी कधी खरं असतं. जेवण टाकलेल्या, गोळ्या उशीखाली साठवणाऱ्या माणसाच्या तोंडून आलेलं असतं आणि मुलगा हसून म्हणतो, ‘ती नेहमीच असं म्हणते.’ यातला फरक ओळखायला मराठी कळणारा, प्रशिक्षण घेतलेला आणि घरातला नसलेला माणूस लागतो.

घरातला नसलेला, हे मी मुद्दाम लिहिते. पात्र दुभाषी मोफत देणं ही हॉस्पिटलची कायदेशीर जबाबदारी आहे आणि नातेवाइकाला दुभाषी म्हणून राबवायचं नाही, हाही त्याचाच भाग. आपल्या मुलांना हा अपमान वाटतो. ‘माझ्या आईशी मी बोलू शकत नाही का?’ बोला, जरूर बोला. कुटुंबाने तपासणीत भाग घ्यावा अशीच नियमांची अपेक्षा आहे, पेशंटची संमती असेल तर. पण भाषांतर दुसऱ्याला करू द्या. जगावंसं वाटत नाही हे कुठलीही आई मुलाच्या तोंडून डॉक्टरला सांगणार नाही. सुनेचा, मुलाचा जाच होतो हे तर मुळीच सांगणार नाही. आणि काही वेळा त्या दुःखाचं कारण खोलीतच उभं असतं.

दाखल झाल्यावर हे संपत नाही, पण यावर थोडक्यात लिहिते. हॉस्पिटलातल्या उपचारानंतर त्याच दुखण्यासाठी तीस दिवसांपेक्षा कमी मुक्काम लागेल असं डॉक्टरने लिहून दिलं, तर दुसऱ्या टप्प्याची तपासणी आधी न करता दाखल करता येतं. खुब्याच्या ऑपरेशननंतर आपले बहुतेक लोक याच वाटेने जातात. मुक्काम तीस दिवसांच्या पुढे गेला, तर दाखल झाल्यापासून चाळीस दिवसांच्या आत तपासणी व्हावी लागते. ही तारीख कुटुंबाने कॅलेंडरवर लिहून ठेवावी, कारण गडबडीत ती निसटते. पूर्वी दर वर्षी फेरतपासणी व्हायची. १९९६ मध्ये ती सक्ती गेली आणि आता प्रकृतीत मोठा बदल झाला तरच फेरतपासणी होते. बदल झाला हे नर्सिंग होमने कळवायचं असतं. पण इंग्रजी न बोलणारी आजी गप्प गप्प झाली, तर ती गप्प झाली हे कळणार कुणाला? रविवारी भेटायला जाणाऱ्या मुलीलाच. तिने तोंडी सांगू नये, लिहून द्यावं. दुसऱ्या टप्प्याच्या निर्णयाची प्रत मागावी, तो समजावून सांगितला जाणं हा हक्क आहे, पटला नाही तर दाद मागता येते. आणि कोणी ऐकतच नसेल, तर प्रत्येक राज्यात नर्सिंग होममधल्या रहिवाशांच्या तक्रारी घेणारा लोकपाल असतो, त्याच्याकडे जावं.

हे सगळं सांगून मी तुमच्याकडे काय मागते आहे?

मंडळांमध्ये मृत्युपत्र, मेडिकेअर, पॉवर ऑफ अटर्नी यांवर माहिती द्यायला तज्ज्ञ बोलावले जातात, लोक वही घेऊन येतात, प्रश्न विचारतात. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात ज्येष्ठांसाठी ‘उत्तररंग’ असतं. त्याच गांभीर्याने आणि त्याच भरल्या सभागृहात एक सत्र मनाच्या आजाराच्या इतिहासावर ठेवा. संध्याकाळच्या नाटकाआधी उरलेल्या पंधरा मिनिटांत नको. या देशात मराठी मनोविकारतज्ज्ञ आहेत; त्यांना मराठीत बोलायला सांगा. आणि मला मनापासून वाटतं, की व्यासपीठावर एखाद्या तरी घराने स्वतःहून, स्वतःच्या संमतीने सांगावं की आमच्या आईला हा आजार होता, औषध चालू होतं आणि ती मानाने जगली. आम्ही बाहेरचे लोक किती का आकडे सांगेनात, त्या एका घराच्या बोलण्याने मिटलेली तोंडं उघडतील.

प्रत्येक घराने आईवडिलांसाठी एक कागद तयार ठेवावा, असा आग्रह मंडळांनी धरावा. वरच्या बाजूला मराठी, खाली इंग्रजी. आजार, ऑपरेशनं, औषधं, भारतातून येणाऱ्या गोळ्यांसकट, नाव आणि मात्रा लिहून. मनाचा आजार झाला असेल तर कधी, कुठे, काय उपचार, शॉक दिले असतील तर तेही. कोणत्या औषधाने बरं वाटलं आणि कोणत्याने बिघडलं, ही माहिती तर सोन्याच्या मोलाची असते आणि ती बहुतेक वेळा फक्त आईच्या डोक्यात असते. शेवटी एक ओळ: ‘माझ्याशी मराठीत बोला, दुभाषी मराठीचाच हवा.’ हा कागद आईवडिलांशी बोलून, ते शुद्धीवर आणि बऱ्या तब्येतीत असताना करायचा. त्यात काय लिहायचं आणि कुणाला दाखवायचं, हे त्यांनी ठरवायचं. मंडळाने फक्त कोरा नमुना पुरवावा. भरलेला एकही कागद मंडळाकडे येता कामा नये, कुणाची यादी करू नये, ‘आपल्यात कोणाकोणाला आहे’ याची उत्सुकता दाखवू नये. नाहीतर ज्या भीतीबद्दल मी वर लिहिलं ती खरी ठरेल.

तिसरी मागणी कष्टाची आहे. वैद्यकीय दुभाष्याच्या राष्ट्रीय प्रमाणपत्रासाठी किमान ४० तासांचं प्रशिक्षण लागतं. आपल्यातले किती तरी निवृत्त शिक्षक, परिचारिका, बँकेतले अधिकारी, घरी असलेल्या उच्चशिक्षित बायका हे काम उत्तम करतील. त्याचे पैसेही मिळतात. फोनवर, व्हिडिओवर ते चालतं, त्यामुळे डॅलसमध्ये बसलेली बाई ओहायोतल्या आजोबांसाठी बोलू शकते. मंडळांनी प्रशिक्षणाची फी उचलावी आणि तयार झालेल्यांची भाषांतर सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांकडे नोंद करून द्यावी. गणेशोत्सवाच्या एका दिवसाच्या सजावटीचा खर्च यासाठी वळवला तर गणपती रागावणार नाही. प्रशिक्षण मात्र टाळू नका. चांगल्या मनाचा पण न शिकलेला कार्यकर्ता पेशंटचं वाक्य ‘सुधारून’ सांगतो, आणि तिथेच घात होतो.

न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सास, इलिनॉय इथल्या मोठ्या मंडळांनी आपापल्या राज्याच्या मानसिक आरोग्य खात्याला आणि मेडिकेड कार्यालयाला लेखी विचारावं: पासरच्या तपासणीसाठी मराठी दुभाषी तुम्ही कसा मिळवता? निर्णयाची नोटीस मराठीत मिळते का? संस्कृती आणि भाषेचं ते कलम तुम्ही मराठी वृद्धांच्या बाबतीत कसं पाळता? एकट्या कुटुंबाने विचारलं तर तो एक त्रासदायक नातेवाईक ठरतो. शेकडो घरांच्या मंडळाने विचारलं तर उत्तर द्यावं लागतं. उत्तरं आली की ती सभासदांना जशीच्या तशी कळवा.

कार्यकारिणीच्या पुढच्याच बैठकीत हा विषय घ्यावा, ही विनंती. कोऱ्या कागदाचा मराठी-इंग्रजी मसुदा मी करून देईन, आणि कुठल्याही मंडळाच्या ज्येष्ठांशी व त्यांच्या मुलांशी सुट्टीच्या दिवशी ऑनलाइन बोलायला मी तयार आहे. मुलांना त्या दिवशी जरूर बोलवा. फॉर्म भरताना ‘नाही’ म्हणणारे तेच असतात.

कळावे, लोभ असावा.

आपली,
न्यू जर्सीतली एक मराठी हॉस्पिटल सोशल वर्कर